चुकीच्या उत्तरांची बाजू

८ सप्टेंबर, सोमवार

छडीचा आवाज. पाठीवरचा नव्हे, टेबलावरचा. पवनीजवळच्या आमच्या शाळेत कवितेचा तास सुरू झाला की गुरुजी छडीचं टोक टेबलावर आपटून ठेका धरत, आणि आम्ही सगळी पोरं नाकं पुसत पुसत एका दमात ती नदीची कविता म्हणत असू. ज्याला येत नसे तो नुसतं तोंड हलवी. आठवडाभरात त्यालाही येऊ लागे. साठ वर्षं उलटून गेली. आज पहाटे अर्धवट झोपेत तो ठेका इतका लख्ख ऐकू आला की मी अंथरुणात उठून बसलो. मग कळलं, वरच्या क्वार्टरात कुणीतरी आलं कुटत होतं. तेव्हापासून डोकं फिरलेलं आहे.

ही डायरी डॉक्टरांच्या सांगण्यावरून. रक्तदाब वाढला म्हणून मागच्या आठवड्यात दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणजे मिसरूड फुटलेला पोरगा. म्हणाला, "अंकलजी, गुस्सा आए तो बोलिए मत, लिख लीजिए." शालूनं, म्हणजे माझ्या सुनेनं, वाटेतच ही डायरी घेतली. त्याच दिवशी जेवणातलं मीठ बंद झालं आणि त्याच दिवशी डायरी सुरू होणार होती, पण मी आठवडाभर हात लावला नाही. कोणी लिही म्हटलं म्हणून मी लिहीत नसतो.

तर आजचा राग. माझी नात संघमित्रा कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते आहे. दुसऱ्यांदा. बारावीनंतर मोठ्या विधी विद्यापीठात जायचं तर देशभरातल्या पोरांसोबत ही एक परीक्षा द्यावी लागते, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. मागच्या वर्षी थोडक्यात हुकलं. म्हणून वर्षभर घरी राहून, सिव्हिक सेंटरच्या कोचिंगला जाऊन, पुन्हा बसते आहे. माझा मुलगा नागसेन सेकंड शिफ्ट करून आला आणि बूट काढता काढता त्यानं निकाल देऊन टाकला: यंदा झालं तर झालं, नाहीतर दुर्गच्या कॉलेजात बी.कॉम. तो एकदा बोलला की बदलत नाही.

आणि ही पोरगी अभ्यास कसा करते? तोंड मिटून. बाल्कनीत पाय वर घेऊन बसायचं, पान उलटायचं. ओठसुद्धा हलत नाहीत. मी म्हटलं, बाळ, मोठ्यानं वाच, कानावर पडलं म्हणजे मनात बसतं. ती हसली. म्हणाली, "आबा, तिथं एका मिनिटात एक सवाल आहे. मोठ्यानं वाचत बसली तर पेपरच सुटून जाईल." आणि कानात ते बोळे घातले.

लहानपणापासून हिची एक खोड आहे. कुणी "असंच असते" म्हटलं की हिचं डोकं फिरतं. बसच्या कंडक्टरशी वाद, रेशनवाल्याशी वाद, शाळेतल्या मॅडमशी वाद. वकील व्हायचं हे तिनं तिसरी-चौथीतच ठरवून टाकलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं. कुणावर गेली कोण जाणे.

उद्यापासून मीच शिकवणार.

११ सप्टेंबर

संध्याकाळी चहानंतर दोघं बसलो. इंग्रजी मला वाचता येतं. इथल्या पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये उभा जन्म गेला, तिथली मॅन्युअलं काही मराठीत नव्हती. या पुस्तकाची तऱ्हा अशी, की आधी कायद्याचा एक नियम देतात, मग एक हकीकत, मग चार उत्तरं. नियम पटो न पटो, दिलेला तोच धरायचा. बाहेरचं काही आणायचं नाही.

एका बाईची बकरी कुंपणाच्या फटीतून कुणाच्या तरी मळ्यात शिरली. बाई बकरीमागे गेली. आत विहिरीसाठी खणून सोडून दिलेला खड्डा, वर गवत माजलेलं. बाई पडली, पाय मोडला. नियम: परवानगीशिवाय आत शिरणाऱ्याला इजा झाली तर जागेचा मालक जबाबदार नाही. बाईला भरपाई मिळेल का?

मी म्हटलं, मिळेल. संघमित्रा म्हणाली, नाही मिळणार, उत्तर क. पुस्तकाच्या मागे पाहिलं. क.

मला आधी छपाईची चूक वाटली. आमच्या मिलमध्ये पाण्याबरोबर लोखंडाची खपली वाहून जाते, तो स्केल पिट, पुरुषभर खोल. त्याचं झाकण उघडं दिसलं तर आधी दोरी बांधायची, लाल फडकं लावायचं, आणि मग विचारायचं की कोणी उघडं ठेवलं. जो पडणार होता तो ड्यूटीवर होता की नव्हता, त्याचा पास होता की नव्हता, हे सगळं मागाहून. आधी खड्डा. हे मी तिला सांगितलं. बराच वेळ सांगितलं. ठेकेदाराकडचा एक माणूस कसा पडला होता आणि कागदोपत्री तो त्या दिवशी मिलमध्ये नव्हताच असं कसं निघालं, तेही सांगितलं. बोलता बोलता आवाज चढला. शालू स्वयंपाकघरातून डोकावून गेली. संघमित्रा ऐकत राहिली, पेन्सिल हातात तशीच.

शेवटी हळूच म्हणाली, "आबा, तुमचं बरोबर आहे."

मी म्हटलं, मग तेच लिही.

१५ सप्टेंबर

आज शिलाई मशीन. एका काकानं चार माणसांसमोर पुतणीला शब्द दिला की दिवाळीत माझी मशीन तुझी. पुतणीनं गिऱ्हाइकं ठरवली, खोलीत जागा केली. दिवाळी आली आणि काकानं मशीन दुसऱ्यालाच देऊन टाकली. नियम: मोबदला न घेता दिलेला शब्द कायद्यानं बांधत नाही. उत्तर: पुतणीला काही मिळणार नाही.

काही मिळणार नाही. मी पुस्तक पलंगावर आपटलं. दिलेल्या शब्दाला मोल नसेल तर या जाडजूड पुस्तकात तरी काय भरलं आहे, शब्दच ना. आमच्या गावी असं कुणी केलं असतं तर त्याच्या ओट्यावर माणूस बसला नसता.

संघमित्रा आधी हसत होती. मग हसणं थांबलं. तिनं लिहिलेलं उत्तर खोडलं, दुसरं लिहिलं आणि त्या पानाकडे पाहत बसली. पोरीला आतून पटू लागलं आहे. शिकवणं म्हणजे हेच. आता रोज बसायचं.

२८ सप्टेंबर, रविवार

कोचिंगची सराव परीक्षा झाली. इंग्रजी चांगलं, चालू घडामोडी चांगल्या, गणित बरं. कायद्याचा भाग, जो तिचा सगळ्यात पक्का, त्यातच पडली. पावसाळ्याच्या सुरुवातीला याच भागात ती वर्गात पहिली-दुसरी असायची. आज यादीत नाव खालून शोधावं लागलं.

घरी मी रोज कायदा घोटून घेतो आणि तरी ही गत, म्हणजे ते कोचिंगवाले काय करून राहिले असतील. नागसेन जेवता जेवता शालूला म्हणाला, दुर्गच्या कॉलेजची ॲडमिशन कधी निघते ते विचारून ठेव. पोरीच्या समोर. ती ताट सरकवून उठली. मी नागसेनला जे बोललो ते डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे लिहायला हवं होतं. आधी बोलून झालं.

२ ऑक्टोबर

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. शालू आणि संघमित्रा पांढऱ्या साड्या नेसून विहारात गेल्या. मी घरीच मेणबत्ती लावून वंदना घेतली. पंजाबराव विहाराचा अध्यक्ष आहे तोवर मी तिथं पाय ठेवणार नाही. दोन वर्षं झाली, ठेवलेला नाही.

कारण लिहून ठेवतो, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा चक्रम होता. विहाराच्या मागच्या खोलीत मी दर रविवारी पोरांना मराठी शिकवत असे. इथली पोरं भांडतात हिंदीत, प्रेम करतात हिंदीत. मराठी फक्त घरात, तीही आई ओरडली तर. मी त्यांच्याकडून कविता पाठ करून घ्यायचो. डोळे मिटून म्हणायला लावायचो. भर उन्हाळ्यात, कूलर बंद पडलेला असताना, त्या खोलीत नदी वाहायची. पंजाबराव माझ्यासोबतच भंडाऱ्याकडून आलेला, एकाच मिलमध्ये, एकाच शिफ्टमध्ये, एका डब्यात जेवलेला. अध्यक्ष झाल्यावर त्यानं ठराव आणला: कवितेला चारच पोरं येतात, परीक्षावाल्या पोरांना घरी बसायला जागा नाही, त्या खोलीची अभ्यासिका करावी. भराभर हात वर झाले. ट्यूबलाइटी आल्या, टेबलं आली, आणि भिंतीवर रंगवलं, "मोठ्याने बोलू नये." माझ्या कवितेच्या खोलीत. ते त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलं, आणि त्याचं अक्षर वाईट आहे.

६ ऑक्टोबर

कोचिंगमध्ये जाऊन आलो. कायदा शिकवणारे सर धर्मेंद्र, जामुलचे, तिशीही नसेल गाठली. मी त्यांना विचारलं, खड्ड्यात पडलेल्या बाईला क हे उत्तर देताना तुमची जीभ चाचरत नाही का. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले की ही परीक्षा न्याय काय ते विचारत नाही, दिलेला नियम पोराला लावता येतो की नाही एवढंच पाहते. मी म्हटलं, मग ही वकिलांची परीक्षा आहे की टायपिस्टांची. ते हसले नाहीत. म्हणाले, "दादाजी, घर पे इसको लॉ कौन पढ़ा रहा है?"

मी छाती काढून सांगितलं, मी.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "परीक्षा तक आप मत पढ़ाइए. बच्ची सवाल पढ़ते ही नाराज हो जाती है."

नाराज होणार नाही तर काय. पाय मोडलेल्या बाईची हकीकत वाचून ज्याला काही होत नाही त्यानं कायद्याकडे फिरकूच नये. पण हे मला जिना उतरताना सुचलं, तिथं नाही. माझ्या मुलापेक्षा लहान माणसानं मला माझ्याच नातीपासून दूर राहायला सांगितलं. बसमध्ये शेजारच्यानं विचारलं, बाबूजी तबीयत ठीक है ना. त्यालाही झाडलं.

घरी काही सांगितलं नाही. शिकवणी चालूच राहील.

११ ऑक्टोबर

मीठ नाही, लोणचं नाही, पापड नाही. राग आहे.

१८ ऑक्टोबर

संघमित्रा म्हणाली, कोचिंगची वेळ वाढली, आता सकाळी गेली की दिवे लागल्यावरच परत. म्हणजे आमची बैठक बंद. मी म्हटलं, जेवणं झाल्यावर बसू. ती म्हणाली, थकून जाते आबा. शालूनं मधेच फुलकोबीचा विषय काढला.

माझ्या भेटीचा परिणाम असणार. धर्मेंद्र सरांनी आपली कसर भरून काढायला जास्तीचे तास लावले. आले वठणीवर. पण मग पोरगी माझ्याकडे न बघता, पंख्याकडे बघून का बोलत होती?

२९ ऑक्टोबर

तिच्या ओढणीला उदबत्तीचा वास येतो. एकदा नाही, रोज. कोचिंगमध्ये उदबत्ती कोण लावतं? काल बोटावर मेणाचा थेंब वाळलेला होता. आणि शालू डबा देते तो दोघांना पुरून उरेल एवढा. विचारलं तर म्हणते, "मामाजी, पोट्टी दिवसभर बाहेर राह्यते. भूक लागते."

मी रेल मिलमध्ये तापलेल्या रुळाचा रंग पाहून सांगायचो की तो वाकणार आहे. मला कोणी फसवू शकत नाही. यात एखादा पोट्टा आहे, आणि तो हिला कुठल्या तरी देवस्थानात घेऊन जातो. आमच्या घरातल्या पोरीला देवस्थानात. आणि परीक्षा तोंडावर.

४ नोव्हेंबर

लिहू नये असं वाटतं, पण न लिहावं तर ओरडावं लागेल.

कोचिंगसमोरच्या पानठेल्यापाशी उभा राहिलो, तोंडाला गमछा बांधून. दुपारी ती बाहेर पडली, एकटी, सायकलवर. मी ऑटोवाल्याला म्हटलं, त्या पोरीच्या सायकलीमागे चल. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला नातं सांगावं लागलं. रस्त्यात कुठला पोट्टा भेटला नाही. सायकल दोन सेक्टर ओलांडून वळली ती थेट आमच्या विहाराच्या फाटकात.

मागच्या खोलीत पोरं-पोरी माना खाली घालून बसलेली. पंख्याशिवाय कसला आवाज नाही. दाराशी टेबल टाकून पंजाबराव, पुढ्यात उघडा डबा. शालूच्या हातची वांग्याची भाजी मी वासावरून ओळखतो. तो खूप म्हातारा दिसतो आहे. मला पाहून उठला, आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

मी ओरडलो. काय काय ते पूर्ण आठवत नाही. माझ्याच खोलीत मला चूप करतो का, माझ्या घरचं खाऊन माझीच नात पळवतो का, असं काहीतरी. सगळ्या माना वर झाल्या. पंजाबराव आवाज न चढवता म्हणाला, "देवाजी, भांडाचं असंल तर बाहेर चाल, मी येतो. पोरायले वाचू दे."

त्याच्याआधी संघमित्रा उठून आली. माझा हात धरून मला बाहेर पिंपळाखाली नेलं. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही.

"मी खोटं बोलली आबा, ते चुकलंच माझं. पण तुमच्याजवळ बसली ना, की मले चुकीचंच उत्तर बरोबर वाटून राह्यते. मग पेपरमध्ये पण तेच वाटते. आणि हा माझा आखिरी चान्स आहे."

मी म्हटलं, म्हणजे माझं सगळं चुकीचं.

"असं कुठं म्हटलं मी," ती म्हणाली. "मी म्हटलं, बरोबर वाटते."

ही वकिली झाली. मी परत ऑटोत बसलो.

घरी शालूला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, हाव मामाजी. पंजाबरावकाकांच्या घरी आता कोणी राहिलं नाही, मुलगा पुण्याला, काकू गेल्या. ते सकाळी कुलूप उघडतात ते रात्रीच लावतात, मधे चहावर राहतात, म्हणून डबा. एवढं बोलून कणीक मळत राहिली. नागसेनलाही ठाऊक होतं. अख्ख्या घरात एकट्या माझ्यापासून लपवायचं असं काय होतं त्यात?

१६ नोव्हेंबर, रविवार

संघमित्राशी बोलत नाही. ती बोलते, मी नाही. सकाळी माझ्या चहाशेजारी बिस्किटं ठेवून जाते. मी त्यांना हात लावत नाही. निदान ती जाईपर्यंत तरी.

सराव परीक्षेत ती कायद्यात पुन्हा पहिली आली असं शालूनं माझ्याकडे न बघता कॅलेंडरला सांगितलं. येणारच. मी जाऊन खडसावल्यावर कोचिंगवाले सुधारले. श्रेय मात्र अभ्यासिकेला जाईल. विहारात फळा लावतील, त्यावर तिचं नाव, पंजाबरावच्या त्या अक्षरात.

२३ नोव्हेंबर

ती नवं पुस्तक वापरते. जुनं माझ्या खाटेखाली पडलं होतं. दुपारभर एकट्यानं हकीकती सोडवल्या. एका भाडेकरूची, एका शिपायाची, एका मुक्या साक्षीदाराची. मी ज्याच्या ज्याच्या बाजूनं गेलो तो तो हरला. पुस्तक छापणाऱ्यानं माझ्याशी वैर धरलं आहे असं वाटावं इतक्या नेमानं.

आमचे गुरुजी कवितेचा अर्थ विचारत. मी भलतंच काहीतरी सांगायचो. एकदा म्हणालो, ही नदी समुद्राकडे धावत नाही, ती घरी कोणी ओरडलं म्हणून निघाली आहे. गुरुजी म्हणाले, हे पुस्तकात नाही. मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, पण बस खाली. मार्क कापले नाहीत. तसले परीक्षक आता कुठे ठेवले आहेत कोण जाणे. असतील तर सगळे मिळून निवृत्त झाले असतील आणि कुणाच्या तरी क्वार्टरात आळणी वरण खात असतील.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी सगळी वस्ती मेणबत्त्या घेऊन पुतळ्याकडे गेली. मीही गेलो, मागे राहिलो, पंजाबराव पुढे होता म्हणून. अभ्यासिका आज बंद.

उद्या परीक्षा, सेंटर रायपूरला. अभ्यासिकेच्या तीन पोरांसाठी मिळून गाडी ठरली आहे. नागसेनला ड्यूटी. शालू म्हणाली, मामाजी, तुम्ही जा ना सोबत. मी विचारलं, आणखी कोण आहे. पंजाबरावकाका. मी म्हटलं, मग जागा भरली आहे.

झोपायच्या आधी संघमित्रा माझ्या खाटेवर येऊन बसली. पुस्तक आणलं नव्हतं. पोरीचं तोंड एवढंसं झालं आहे. म्हणाली, "आबा, ती नदीवाली म्हणा ना."

मी म्हटलं, आठवत नाही.

आठवत होती. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. ती गेल्यावर भिंतीकडे तोंड करून मनातल्या मनात म्हटली. ओठ हलू दिले नाहीत.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी गाडी खाली येऊन हॉर्न वाजवत राहिली. मी पडद्याआडून पाहिलं. पंजाबराव पुढच्या सीटवर, इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर, जशी काही त्याचीच नात निघाली आहे. शालू त्याच्याही हातात डबा देऊन आली. संघमित्रानं बसताना वर पाहिलं. मी पडदा सोडला.

दिवस काही सरला नाही. दुपारी पेपर सुरू झाला असेल त्या वेळेला वरच्या घरात पोरांनी टीव्ही मोठा केला. मी वर जाऊन त्यांना झापलं. पेपर रायपूरला आणि मी इथं पोरांना झापतो आहे, हे मलाही कळत होतं. रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली की एकदाही नाही ते आठवत नाही.

अंधार पडता पडता ती आली. "ठीक गेला" म्हणाली. दोन घास खाल्ले आणि अंथरुणावर आडवी झाली ती झोपलीच. पायातले मोजे शालूनं काढले. मला विचारायचं होतं. विचारलं नाही. आज नाही विचारलं तर आता कधी विचारणार याचा विचार करत खुर्चीत बसून राहिलो, आणि त्याचाही राग येऊ लागला.

तेवढ्यात दार वाजलं. नागसेनकडे किल्ली असते, आणि आमच्याकडे या वेळेला कोणी येत नाही. उघडलं तर पंजाबराव. जिना चढून आलेला, एक हात कठड्यावर, छाती भात्यासारखी चाललेली. हनुवटीला वरणाचा डाग. जेवता जेवता उठला असावा. मी दार अर्धंच उघडं ठेवलं. जय भीम दोघांनीही घातला नाही.

श्वास जागेवर आल्यावर तो माझ्यावरच चिडला. गाडीत पोरांनी धर्मेंद्र सरांना फोन लावून पेपर पडताळला होता. संघमित्राचं कायद्याचं सगळं बरोबर आलं. एक सोडून.

"तुले माहीत आहे का, तिनं कसा सोडवला पेपर?" तो म्हणाला. "पोट्टी म्हणे, दर सवालावर आधी पाह्यलं, आबा काय म्हणतील. ते खोडलं. मग बाकीच्या तिघात शोधलं. धडाधड सुटत गेले म्हणे. अन एका जागी हातच चालला नाही तिचा. तुह्यंच उत्तर ठेवून आली. चूक आहे हे माहीत असून." त्यानं कठड्यावर थाप मारली. "एका मार्कावर किती पोरं राहून जाते, समजते का तुले?"

 मी विचारलं, कोणता सवाल.

त्यानं सांगितला. एका गोदामाचा चौकीदार. मालकाची सक्त ताकीद, रात्री फाटक उघडायचं नाही. उघडलं आणि नुकसान झालं तर ते चौकीदारानं भरायचं. एका रात्री लोक बाळंतपणात अडलेली बाई घेऊन आले, दवाखान्याचा जवळचा रस्ता गोदामातूनच जाणारा. चौकीदारानं फाटक उघडलं. बाई वेळेवर पोचली. त्या गडबडीत कुणी पोती पळवली. नुकसान कोणी भरायचं?

मी म्हटलं, कुणीही भरावं, चौकीदारानं नाही.

"चूक," पंजाबराव म्हणाला. "चौकीदारानंच. मास्तरनं सांगितलं."

 त्याच्या कपाळावरची शीर उडत होती. मिलमध्ये फोरमनशी भांडून आला की अशीच उडायची.

"मी कुम्हारीपासून भांडत आलो त्या मास्तरसोबत," तो म्हणाला. "त्यानं फोन कापला. घरी जाऊन जेवाले बसलो, घास उतरत नाही. आता तू सांग मले, देवाजी. बाई दारात अडली आहे. कावून नाही उघडाचं त्यानं?"

आत ये असं मी म्हटलं नाही. त्यानं चपला आधीच काढल्या होत्या.